माणसांचा बँड, बेसचा डीजे

लग्न ठरलं की वाजवणाऱ्यांशी बोलणी करायला घरातले दोघं-तिघं जायचे आणि त्यांना पहिला प्रश्न विचारला जायचा तो एकच: किती माणसांचा? अकराचा, पंधराचा, की ऐपत असेल तर एकविसाचा. सुपारी माणसांच्या संख्येवर ठरायची. आता जवळा बाजारच्या परिसरात, आणि खरं तर सगळ्या मराठवाड्यात, हीच बोलणी डीजेवाल्याशी होतात तेव्हा प्रश्न येतो: किती बेसचा? दोन बेस दोन टॉप, चार बेस चार टॉप, त्यावर जनरेटर आणि लाइट वेगळे. एका पिढीच्या आत भाव ठरवायचं माप माणसावरून स्पीकरच्या पेटीवर आलं.

वरातीचा आवाज जड होत गेला हे सगळ्यांना दिसतं, ऐकू येतं, छातीत जाणवतं. त्यावर दरवर्षी दोन वेळा चर्चा होते, गणपतीत आणि लगीनसराईत. चर्चा बहुतेक वेळा डेसिबलपाशी सुरू होऊन डेसिबलपाशीच थांबते. डेसिबलचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण मला आधी दुसरं काही तपासायचं आहे. जगात अनेक ठिकाणी वाजपी मंडळींनी हलका, नाचरा आवाज सोडून जड आवाज धरला. त्यातल्या काही ठिकाणी वाजवणारा माणूस टिकला, काही ठिकाणी तो मिरवणुकीतून बाहेर पडला. आपल्याकडे काय झालं?

जवळा बाजार हे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव. 1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. इथली हळद उन्हाळ्याच्या तोंडाशी शिजून, वाळून, पॉलिश होऊन बाजारात येते आणि त्याच सुमारास लग्नाच्या तिथ्या दाट असतात. हातात पैसा आणि दारात मांडव एकाच वेळी, त्यामुळे वाजवणाऱ्यांचा हंगामही तोच. बाकीचे महिने शेतमजुरी, हमाली, मिळेल ते काम.

बँडच्या आधी हलगी, सनई, डफडं आणि संबळ होतं. वाजवणारे बहुतांशी मातंग समाजातले, सनईला काही ठिकाणी गुरव. वाजवणं ही कला होती आणि तितकीच गावकीची सक्तीही होती. लग्न पाटलाचं असो की देवाची पालखी असो, हलगी वाजलीच पाहिजे. मोबदला धान्यात, तोही देणाऱ्याच्या मर्जीवर, आणि पंगतीला बसायची जागा वेगळी. हलगीचा आवाज आज ज्यांना ‘आपल्या मातीचा’ म्हणून गोड वाटतो त्यांनी हे विसरू नये. कडबा पेटवून हलगी तापवायची, कातडं ताणलं की वाजवायला उभं राहायचं आणि ज्या दारात वाजवलं त्या दारात पाणी मागताना ओंजळ पुढे करायची, हा इतिहास फार जुना नाही.

पितळी वाद्यांचा बँड आपल्या लग्नात आला तो पलटणींच्या आणि संस्थानांच्या बँडांवरून. हिंगोलीलाही लष्कर होतं. हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथे होती आणि 1903 मध्ये ते दल ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात मिसळून टाकलं गेलं. खांद्यावर झालरी, छातीवर दुहेरी बटणं, डोक्यावर तुरा असलेली टोपी, हा बँडवाल्याचा वेश सरळ लष्करी गणवेशावरून उचललेला. गावकीच्या वाजंत्र्याला या गणवेशानं काय दिलं ते मोजायला हवं. रोख पैसा दिला. मोठ्या ढोलाच्या कातड्यावर बँडचं आणि गावाचं नाव रंगवायचा हक्क दिला. आधी सुपारी, मग वादन, असा व्यवहार दिला. वाजवणारे हात पुष्कळ ठिकाणी तेच राहिले, पण ते आता कुणाच्या वतनाला बांधलेले नव्हते. गावकीतून सुटलेल्या हातांनी सुरू केलेला हा धंदा होता. त्याचं हे मोल आपल्याकडे फार कमी सांगितलं गेलं.

वाद्यं यायची मेरठहून. तिथल्या जली कोठी भागात पितळी वाद्यं घडवणारी वस्तीच आहे आणि नादिर अली अँड कंपनी हे तिथलं 1885 पासूनचं नाव. क्लॅरोनेट चाल धरणार, ट्रम्पेट उत्तर देणार, युफोनियम खालचा सूर भरणार, साइड ड्रम आणि मोठा ढोल लय चालवणार, झांज आणि खुळखुळा कड धरणार. बहुतेकांना स्वरलिपी येत नसे. नवीन सिनेमाचं गाणं रेडिओवर किंवा कॅसेटवर ऐकायचं, मास्तरनं ते क्लॅरोनेटवर बसवायचं आणि बाकीच्यांनी कानानं उचलायचं. ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं भारतभरच्या बँडवाल्यांमध्ये फिरून ‘ब्रास बाजा’ हे पुस्तक लिहिलं, ते 2005 मध्ये आलं. लग्नातल्या बँडकडे कुणी संगीत म्हणून गांभीर्यानं पाहिलं, याची त्या पुस्तकाइतकी सविस्तर नोंद दुसरी मला माहीत नाही.

आता हा आवाज जड कसा झाला? एकदम झाला नाही, बँडनंच तो पायरीपायरीनं जड केला. आधी हातगाडा आला, त्यावर भोंगा आणि माइक. माइक आला म्हणून गाणारा आला. मग गाड्यावर कीबोर्ड चढला. कीबोर्डवर क्लॅरोनेटचा, सनईचा, व्हायोलिनचा सूर निघतो म्हटल्यावर मागच्या रांगेतली माणसं कमी करायला मालकाला कारण मिळालं. त्यानंतर ऑक्टापॅड आला आणि ढोल-ताशाचे, टाळीचे, स्फोटासारखे ठोके एका माणसाच्या काठीखाली जमा झाले. एकविसाचा बँड पंधरावर आला, पंधराचा अकरावर. माणसं घटली आणि आवाज वाढला, हे गणित डीजे यायच्या आधीच मांडलं गेलं होतं. सगळं पाप डीजेच्या माथी मारणाऱ्यांनी ही पायरी नीट पाहावी.

मग बेंजो. हे वाद्य मुळात जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये ‘ताइशोगोतो’ बनवलं. पोलादी तारा आणि त्यावर टंकयंत्रासारख्या कळा. ते हिंदुस्थानात बुलबुलतरंग म्हणून रुळलं आणि महाराष्ट्रात त्याला पिकअप लावून, अँप्लिफायरमधून काढून बेंजो पार्टी उभी राहिली. तारेचा आवाज फाटेपर्यंत चढवायचा, खाली ढोल आणि ऑक्टापॅडचा भरणा, आणि चाल इतकी जलद की नाचणाऱ्याला दम घ्यायला जागा नको. विदर्भाला लागून असलेल्या आपल्या भागात नागपूरकडच्या संदल आणि धुमाळ पार्ट्यांचा वाराही याच काळात लागला. रवी जाधव यांनी 2016 मध्ये ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमा काढला, त्यात आपल्या लातूरच्या देशमुखांच्या घरातला रितेश बेंजो वाजवणाऱ्याच्या भूमिकेत होता. सिनेमा फार चालला नाही. पण या वाजपी पोरांना पडद्यावर मुख्य जागा मिळाली हे मला मोलाचं वाटतं.

ट्रम्पेट आणि क्लॅरोनेट मागे पडून फाटक्या आवाजाची तार पुढे येणं हे आपल्याच गल्लीत घडलं असं नाही. हजारो कोसांवर, जमैका नावाच्या बेटावर आणि नंतर अमेरिकेत, जवळपास हीच वाट चालली गेली.

किंग्स्टन शहरात 1880 मध्ये अल्फा नावाची शाळा निघाली. गरीब, अनाथ मुलांसाठी, ख्रिस्ती जोगिणींनी चालवलेली. तिथे मुलांना पितळी वाद्यं शिकवत, कारण लष्करी बँडात नोकरी मिळण्याची ती वाट होती. डॉन ड्रमंड ट्रॉम्बोनवर आणि टॉमी मॅकुक सॅक्सोफोनवर, असे थोर वादक या शाळेतून निघाले. 1962 मध्ये जमैका स्वतंत्र झाला आणि त्या उमेदीच्या काळात ‘स्का’ नावाचं संगीत बहरलं. लय उलटी, ठोका अपेक्षेच्या मधल्या जागी पडणारा, आणि वर पितळी वाद्यांची हसरी चाल. 1964 मध्ये या वादकांनी ‘स्काटेलाइट्स’ हा बँड काढला. छावणीतून आलेलं पितळ गरिबांच्या हातात पडून नाचाचं वाद्य झालं, हे हिंगोलीतल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

आणि इथे एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जमैकात पेट्या आधी आल्या. 1950 च्या दशकातच किंग्स्टनच्या रस्त्यांवर माणसाच्या उंचीच्या लाउडस्पीकरच्या भिंती उभ्या राहत. त्यांना ‘साउंड सिस्टिम’ म्हणत. कॉक्सन डॉड, ड्यूक रीड हे त्यांचे मालक. आधी ते अमेरिकेतल्या तबकड्या वाजवत. त्या आटल्या तेव्हा या मालकांनी अल्फात शिकलेल्या वादकांना पैसे देऊन नवं संगीत ध्वनिमुद्रित करून घेतलं. म्हणजे तिथे पेटीनं वादकाला काम दिलं. पुढे 1966 च्या सुमारास चाल मंदावली, पितळ मागे गेलं, बास गिटार पुढे आली, तिथून रेगे निघालं, आणि मुद्रित गाणी नव्यानं मिसळून घडवलेलं डब निघालं. किंग टबी हा डबचा महारथी मुळात विजेची उपकरणं दुरुस्त करणारा. आवाज जड झाला, पण तो घडवणारे हात त्याच वस्तीतले राहिले.

स्का पुढे इंग्लंडमध्ये गेलं. 1979 मध्ये कॉव्हेंट्रीत ‘टू टोन’ ही तबकड्यांची कंपनी निघाली आणि गोऱ्या-काळ्या पोरांचे एकत्र बँड उभे राहिले. अमेरिकेत ते पंकच्या आक्रस्ताळी गिटारशी मिसळलं, त्याला स्का-पंक म्हणू लागले. लॉस एंजेलिसचा ‘फिशबोन’ हा त्यातला माझ्या आवडीचा दाखला. काळ्या मुलांचा बँड, 1985 च्या पहिल्या तबकडीत ट्रम्पेट-सॅक्सोफोनची नुसती धमाल. 1988 च्या ‘ट्रूथ अँड सोल’मध्ये गिटार जड होऊ लागली, 1991 च्या तबकडीत आणखी, आणि 1993 मध्ये तर आवाज थेट मेटलच्या दारात. जुने चाहते खट्टू झाले. अशा प्रत्येक बँडला ते ऐकावं लागतं: तुम्ही बदललात, पहिली मजा राहिली नाही. पण फिशबोननं पितळ फेकून दिलं नाही. जड गिटारच्या आत ट्रम्पेट घुसवला, त्याला तिथे वेगळं काम दिलं. आपल्या देशातलं उदाहरण हवं तर दिल्लीचा ‘ब्लडीवूड’ आहे. मेटल वाजवणारा बँड, आणि त्यात ढोल खराखुरा, माणसाच्या गळ्यात.

तर आवाज जड होणं हा गुन्हा नाही. पोरांना जड आवाज हवासा वाटतो यात काही बिघडलेलं नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या हळू बोलायला लावलं त्याला एक दिवस रस्ता दणाणून सोडावासा वाटतो हे मला पूर्ण समजतं. 14 एप्रिलच्या आंबेडकर जयंतीच्या किंवा 1 ऑगस्टच्या अण्णाभाऊ साठे जयंतीच्या मिरवणुकीत भिंतभर स्पीकर लागतात तेव्हा त्यात हेही असतं, की ज्यांच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या दारात सक्तीनं वाजवलं त्यांच्यासाठी आज दुसरं कुणी वाजवतंय. हा आनंद हिशेबात न धरता डीजेवर लिहिलेले लेख मला अर्धे वाटतात.

माझी तक्रार पेटीच्या पलीकडची आहे. आपल्या डीजेच्या गाडीत वाजवणारा कोण? एक माणूस लॅपटॉपवर, एक जनरेटरपाशी, एक चालक, आणि पेट्या चढवणारे-उतरवणारे मजूर. आवाज दहापट, कलावंत शून्य. हे बोलताना एका नव्या कारागिराला न्याय द्यायला हवा. लहान गावांतली पोरं एफएल स्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरवर जुन्या गाण्यांना हलगीचे ठोके, संदलची लय, जड बेस जोडून मिक्स तयार करतात. मध्येच स्वतःचं नाव पुकारणारा आवाज टाकतात. त्यात कसब आहे. किंग टबीनं केलं ते याच जातीचं काम होतं. पण तबकडी विकून पोट भरायची जी सोय किंग्स्टनला होती ती इथे नाही. मिक्स फुकट फिरतं, सुपारी गाडीवाल्याला मिळते. आणि त्या मिक्समधली हलगीसुद्धा कुणी एकानं कधीतरी वाजवून ठेवलेली. तीच शेकडो वरातींत वाजते आणि तीच कला अवगत असलेला माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून ती ऐकतो.

2016 च्या एप्रिलअखेर ‘सैराट’ आला तेव्हा हा सगळा पट एका हंगामात दिसला. अजय-अतुलचं ‘झिंगाट’ बँडनं वाजवलं, बेंजोनं वाजवलं, डीजेनं लावलं. बँडवर ते क्लॅरोनेटवाल्याच्या दमानुसार बदलायचं, कडव्याला तो चार हरकती जास्त घ्यायचा, नवरदेवाच्या मामानं नोट दाखवली की मुखडा पुन्हा यायचा. बेंजोवर त्याची गती वाढायची. डीजेवर ते प्रत्येक गावात, प्रत्येक मांडवापुढे एकसारखं. नाचणाऱ्याकडे बघून गाणं वळवायचं हे वाजंत्र्याचं खरं काम, ते इथे संपलं.

आता आवाजाच्या मापाकडे येतो. ट्रम्पेटच्या तोंडाशी कान नेला तर तिथेही 100 डेसिबलच्या वर आवाज असतो, हे मान्य करायला हवं. बँड कधीच मवाळ नव्हता. फरक दोन. ट्रम्पेटचा आवाज समोरच्या दिशेला जातो आणि भिंतीला अडतो. मोठ्या बेसचा 50 हर्ट्झच्या आसपासचा सूर मात्र जवळपास 7 मीटर लांबीची लाट असतो, तो भिंतीला जुमानत नाही, कोपरे वळतो, पत्रा आणि तावदानं हलवतो. आणि ट्रम्पेटवाल्याचे ओठ सुजतात, दम संपतो, तो पाणी प्यायला थांबतो. त्या थांबण्यात ऐकणाऱ्याच्या कानालाही विसावा मिळतो. जनरेटर थांबत नाही. 10 डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होते. रोज 85 डेसिबल आठ तासांपर्यंत सोसण्याजोगा धरतात, 100 डेसिबलला ती मुदत पंधरा मिनिटांवर येते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी जो दंडक घालून दिला त्यात सरासरी 100 डेसिबल ही कमाल मर्यादा आहे. वरात दोन-तीन तास चालते आणि पोरं पेटीला टेकून नाचतात.

कायदा आहे, आणि तो जुना आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे: निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला बंदी, राज्य सरकारला वर्षातले 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट द्यायची मुभा. सर्वोच्च न्यायालयानं 18 जुलै 2005 ला सविस्तर निकाल दिला. मुंबई उच्च न्यायालयानं 2016 मध्ये सांगितलं की लाउडस्पीकर लावणं हा धर्माचा मूलभूत अधिकार होत नाही. 2018 च्या गणेश विसर्जनाआधी डीजे-डॉल्बीच्या मालकांची संघटना त्यावरच्या बंदीविरुद्ध न्यायालयात गेली, पण बंदी उठली नाही. या सगळ्यात मला खटकते ती एक जागा. 2005 च्या निकालात रात्री ढोल बडवायला, तुतारी-ट्रम्पेट फुंकायला आणि अँप्लिफायर लावायला एकाच वाक्यात मनाई आहे. झोपणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर ते रास्तच. पण खाली पोलिस ठाण्यापर्यंत येता येता या सगळ्याचं ‘वाद्य बंद’ होतं आणि दिवसाढवळ्यासुद्धा परवानगीची कटकट अकरा माणसांच्या बँडला तितकीच होते जितकी आठ बेसच्या गाडीला. गाडीवाल्यापाशी ती निस्तरायला पैसा आणि ओळख असते. बँड मास्तरपाशी दोन्ही नसतं.

करोनानं उरलंसुरलं मोडलं. 2020 च्या उन्हाळ्यात लग्नाला 50 माणसं, 2021 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात 25 माणसं आणि दोन तास. सलग दोन लगीनसराया गेल्या. डीजेवाल्यावर कर्जाचे हप्ते होते, त्यालाही मार बसला. पण पेटी गोदामात ठेवता येते, बँड ठेवता येत नाही. माणसं पांगली ती पांगली. कुणी पुण्याला, कुणी छत्रपती संभाजीनगरला कंपनीत, कुणी ऊसतोडीला.

अलीकडे गावोगाव डीजेमुक्त लग्नाचे, डीजेमुक्त जयंतीचे ठराव होतात. मला ते हवे आहेत. पण ठराव करणाऱ्यांना माझं विचारणं आहे: मग वाजवणार कोण? क्लॅरोनेटवर गाणं उभं करायला चार-पाच वर्षं लागतात आणि ते शिकवणारे मास्तर म्हातारे झालेत. डीजे बंद केला म्हणून दुसऱ्या दिवशी बँड उगवत नाही. बँडला पुन्हा उभं करायचं तर आधी काम द्यावं लागेल, ठरावात ‘डीजे नको’ इतकंच लिहून भागणार नाही, ‘अमुक माणसांचं पथक हवं आणि त्याचे पैसे आधी’ असं लिहावं लागेल. आणि सक्तीच्या जुन्या वाजवण्याची सावली त्यावर पडू द्यायची नाही. भाव वाजवणारा ठरवेल, पंगत एकच असेल.

बेंजो पार्टीला या विचारात मी मधली जागा देतो. जड आवाज हवा असलेल्या पोरांना तो तिथे मिळतो आणि वाजवणारे आठ-दहा जण समोर दिसतात. बेस किती लावायचा यावर मर्यादा घालून, माणसं किती यावर सवलत देता येईल. परवाना देताना गाडीवर किती कलावंत प्रत्यक्ष वाजवणार हे विचारायला काहीच हरकत नसावी. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळ 1985 पासून आहे, मातंग समाजातल्या तरुणांच्या स्वयंरोजगारासाठीच आहे. वाद्यांचा एक पूर्ण संच आणि मास्तरचा दोन वर्षांचा पगार, एवढ्याची तरतूद त्या वाटेनं मागता येते. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाच्या यादीत वाद्यवृंदातला मागच्या रांगेतला युफोनियमवाला बसतो का, हेही तालुक्याच्या पातळीवर विचारायला हवं.

किंग्स्टनची अल्फा शाळा वसतिगृह म्हणून 2014 मध्ये बंद झाली, पण संगीताचं शिक्षण तिनं सोडलं नाही. पितळी वाद्यं तिथे शिकवली जातात आणि ध्वनिमुद्रणाचं तंत्रही. जवळा बाजारला किंवा औंढ्याला अशी एक जागा निघाली, जिथे सकाळी मास्तर क्लॅरोनेट शिकवेल आणि संध्याकाळी तीच पोरं लॅपटॉपवर स्वतः वाजवलेल्या हलगीचं मिक्स करतील, तर पुढच्या लगीनसराईत सुपारी घेताना त्यांच्यापाशी विकायला पेट्यांच्या संख्येहून जास्त काही असेल. त्यासाठी लागणारी खोली, वीज आणि दोन जाणते मास्तर आज या तालुक्यात आहेत. अजून दहा वर्षं गेली तर खोली आणि वीज असेल, मास्तर नसतील.